लेकीच्या घरासमोरची बाग

बाग म्हणायला बाग. शांती नगरात तीन रस्ते एकमेकांना मिळतात तिथे मधे एक तिकोनी तुकडा उरला होता. त्याला महापालिकेने रेलिंग घातलं, लाल माती टाकली, चार बाकडी बसवली आणि फाटकावर बोर्ड लावला. बोर्डावर बागेचं नाव बारीक आणि उद्घाटनाला आलेल्यांची नावं ठळक. आत दोन झोके, एक घसरगुंडी आणि एक कारंजं. कारंज्यातून पाणी उडताना मी कधी बघितलं नाही. पोरं चेंडू शोधायला त्यात उतरतात, तेवढाच त्याचा उपयोग. देशी बदामाचं एक झाड आहे, त्याच्या खालचं बाकडं आमचं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मुलीचं. दर रविवारी सकाळी मी माझ्या घरून, हाटकेशहून, चालत यायचो आणि तिथे बसायचो. समोर, रस्त्यापलीकडे, तिसऱ्या माळ्यावर तिची गॅलरी. मी दिसलो की ती खाली यायची.

लोक विचारायचे. बागेत कबुतरांना दाणे टाकायला येणारे एक गुजराती काका होते, ते तर पाठच सोडायचे नाहीत. "अरे दादा, बेटी का घर सामने, और तुम बगीचे में बैठता है? जमाई के साथ झगडा है क्या?"

मी म्हणायचो, "झगडा नहीं. हमारे में रिवाज है."

"कैसा रिवाज?"

"तुमको नहीं समझेगा."

त्यांना नाही सांगितलं, इथे सांगतो. रत्नागिरीकडे आमच्या गावात मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. कन्यादान केलं ते दान. दिलेल्या दानाचं फळ देणाऱ्याने चाखू नये. मूल झालं की ते घर नातवंडाचं होतं, आणि नातवंडाच्या घरी आजा खुशाल मांडी घालून जेवतो. एवढी साधी गोष्ट आहे. आजकालच्या लोकांना हसू येतं, येऊ दे.

माझी थोरली बहीण डोंगराच्या पलीकडे दिली होती. माझा बाप तिला बघायला जायचा तेव्हा फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून न्यायचा. गावाबाहेरच्या व्हाळावर बसून खायचा, ओंजळीने पाणी प्यायचा, तोंड पुसायचा आणि मग तिच्या दारात जायचा. तिला मुलगा झाला तेव्हा बाप खण-नारळ घेऊन गेला. मी लहान होतो, बरोबर होतो. बहिणीने तांब्या पुढे केला. बापाने तो तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही, मिशीवरून पाणी गळत होतं. अख्खं घर उभं राहून बघत होतं. मग त्याने तिच्या ओटीत खण घातला. पाण्याला एवढा मान मिळालेला मी पुन्हा कुठे बघितला नाही.

मी चौथी शिकलो. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशवर हयात गेली. संध्याकाळी थुंकलो तर काळं पडायचं. पण कुणापुढे वाकलो नाही, दिलेला शब्द फिरवला नाही. माझ्यासारख्याकडे शेत नाही, शिक्षण नाही, मग असतं काय? बापाकडून आलेली रीत असते. ती पण सोडली तर माणूस रस्त्यावरच आला म्हणायचा.

मुलगी दिली ती आमच्याकडच्याच मुलाला. जावई औषधाच्या कंपनीत, पॅकिंगला सुपरवायझर. त्याचे आईवडील गावी, इथे दोघांचाच संसार. पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा ती पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी मान हलवली. ती हसत ग्लास परत घेऊन गेली. तेव्हा तिलाही त्याचं कौतुक होतं. म्हणाली, "वर्षभराची तर गोष्ट आहे, बाबा."

खाली उतरलो तर घसा कोरडा. बागेत शिरलो आणि फाटकाजवळच्या नळाला ओंजळ लावली. ती वरून बघत होती, धावत खाली आली.

"हे चालतं का तुम्हाला?"

"हे सरकारी आहे."

"आमचं पण सरकारीच आहे. त्याच पाइपातून येतं."

"तुझ्या मडक्यात शिरलं की तुझं होतं."

"आणि मडक्यात शिरायच्या आधी नळाखाली तोंड धरलंत तर?"

"वकिलाला दिली पाहिजे होती तुला," मी म्हणालो. मग बदामाखाली बसून आम्ही गप्पा मारल्या. वर गेलो की ग्लास पुढे येणार आणि मी नको म्हणणार, त्यापेक्षा खाली बरं, म्हणून तेव्हापासून ते बाकडं आमचं झालं.

आमच्या मंडळींनी थोडे दिवस माझ्याबरोबर पाळलं. मग एकदा तिकडून संध्याकाळी परत आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "जेवून आले."

"कुठे?"

"लेकीकडे. भात आणि कोलंबीचं कालवण. दोनदा वाढून घेतलं."

"आणि रीत?"

"रीत तुम्हाला. कन्यादानात पुढे हात तुमचा होता, मी बाजूने नुसती पाण्याची धार धरली."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. उलट मला बरंच झालं. तिकडचं सगळं मला तिच्याकडून कळायचं. नवीन पडदे कुठल्या रंगाचे, जावयाला कुठली भाजी आवडत नाही, पोरीने ओट्यावर तुळस ठेवलीय की गॅलरीत. मी बाकड्यावर बसून त्या घरात राहून आल्यासारखा होतो.

वर्षाची दोन झाली, दोनाची पाच झाली. कुणी काही बोललं नाही. बायकांचं आपसात काही चाललेलं असायचं, डॉक्टरकडे जाणं, रिपोर्ट आणणं. मी खोलीत आलो की बोलणं भाजीवर यायचं. मंडळींनी गावदेवीला नवस बोलला, सोमवार धरले. एका वर्षी नवस बोलायची थांबली. मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

मग तीच गेली. आजारपण लांबलं नाही, कुणाला त्रास दिला नाही. ती गेल्यावर कळलं की माझं आणि मुलीचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. आता आम्ही दोघं बाकड्यावर बसायचो आणि झोक्याकडे बघायचो.

"जेवलात?"

"हो."

"काय केलं होतं?"

"पिठलं."

"परवा पण पिठलंच होतं."

"चांगलं लागतं."

फाटकाबाहेर एक चहावाला उभा राहायचा, जौनपूरकडचा. मी त्याला हात करायचो, तो दोन ग्लास आणून द्यायचा. पैसे मी द्यायचो, तिला देऊ द्यायचो नाही. चहा कसला, साखरेचा पाक. पण हातात काहीतरी धरायला मिळायचं.

एका रविवारी घोट घेतला आणि थांबलो. चहात गवती चहा होता, सुंठ होती, साखर बेताची. आमच्या मंडळींचा चहा. मी चहावाल्याला विचारलं, "आज मसाला बदला क्या?"

"नहीं चाचा, वोही है. रोज का."

मुलीकडे बघितलं तर ती कबुतरांकडे बघत होती. एवढं मन लावून तिला कबुतरं बघताना मी कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारीही तसाच. त्याच्या पुढच्याही. एकदा चालायच्या ऐवजी मला शेअर रिक्षा मिळाली आणि मी नेहमीच्या आधी पोचलो, तर ती रस्ता ओलांडून चहावाल्याच्या हातात थर्मास देत होती. पाठमोरी होती. मी तिथल्या तिथे वळलो. तिच्या बिल्डिंगच्या मागून, मेडिकलवरून, शाळेच्या भिंतीला धरून मोठा फेरा मारला आणि रोजच्या वेळेला बागेत आलो.

"आज दमलेले दिसता," ती म्हणाली.

"ऊन आहे," मी म्हणालो. आणि चहा प्यालो.

कुणी म्हणेल मी रीत मोडली. नाही मोडली. मी विकत घेत होतो. हॉटेलातला चहा कुणाच्या चुलीवरचा ते कोण विचारतं? आणि ती काही बोलत नव्हती, मी काही बोलत नव्हतो. रविवार कधी येतो असं मला व्हायला लागलं होतं, एवढं मात्र लिहितो. आठवड्यात तेवढाच चहा चहासारखा मिळायचा.

असं बरंच चाललं. मग एका रविवारी ती खाली आली ती बसलीच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, आम्ही बडोद्याला चाललोय."

"फिरायला?"

"कंपनी तिकडे हलली. इथलं घर विकलं. सौदा झालाय."

"परत कधी?"

"परत काय? तिकडेच राहायचं आता."

झोक्यावरची दोन पोरं आधी कोण यावरून भांडत होती. त्यांची आई हिंदीत ओरडत होती. चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. मी म्हणालो, "बस तरी." मग ती बसली.

"जायच्या आधी एकदा वर या. जेवायला."

मी ग्लास उचलला आणि घोट घेतला.

"बाबा, मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. आईला माहीत होतं. आता तर वय पण गेलं."

बापाने यावर काय बोलावं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "देवाच्या मनात असलं तर..."

"देवाला मधे आणू नका. तुम्ही सांगा. मूल झालं की ते घर होतं ना? मग मी एवढी वर्षं काय चालवतेय? लॉज?"

"तुझ्या घराला मी कधी नाव ठेवलं का?"

"नाव ठेवलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही समोर बसता. दर रविवारी. अख्ख्या बिल्डिंगला दिसतं, हिचा बाप वर येत नाही. का येत नाही ते पण आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुणी विचारायची गरजच राहिली नाही, किती महिने झाले, काही आहे का. तुम्ही खाली बसलात म्हणजे अजून काही नाही."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिचा मान राखतोय, असंच मी समजत होतो. अजूनही म्हणतो, रीत वाईट नव्हती. माझ्या बापाने पाळली. तसं मी म्हणालो पण.

"तुमच्या बापाला वर्षभर पाळायला लागली. तुम्ही कधीपर्यंत पाळणार? मी मरेपर्यंत?"

"असं बोलू नये."

"का नको बोलू? आणि हा चहा?" तिने माझ्या हातातल्या ग्लासाकडे बोट केलं. "हा कुणाचा आहे? माझ्या गॅसवर उकळलेला आहे. माझं दूध, माझं पाणी. आई गेल्यापासून पिताय."

मी ग्लास बाकड्यावर ठेवला. अर्धा होता.

"बोललीस ना आता," मी म्हणालो.

"न बोलते तर?"

"तर प्यालो असतो."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

तिने दोन्ही ग्लास उचलले, बदामाच्या बुंध्याशी ओतले आणि रस्ता ओलांडून गेली. गाडी येतेय का तेही बघितलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो. ती खाली आली नाही. चहावाला आला, "चाचा, चाय?"

"नको."

"दीदी ने थर्मास नहीं भेजा. मेरावाला है."

"तुम्हारा भी नहीं मंगता."

गॅलरीत अजून कपडे वाळत होते. त्याच्या पुढच्या रविवारी तुळशीची कुंडी दिसली नाही. मग पडदे गेले आणि आतली भिंत दिसायला लागली. त्या पहिल्या भेटीनंतर मी ते घर कधी आतून बघितलं नव्हतं. भिंतीचा रंग पिस्त्यासारखा होता, हे मंडळींनी मला कधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. गुजराती काका दाणे टाकता टाकता म्हणाले, "बडोदा अच्छा शहर छे, दादा. हमारा साला रहता है उधर." मी मान डोलावली.

मग एका रविवारी जावई खाली आला. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. चांगला मुलगा आहे, माझ्यासमोर कधी पाय वर घेऊन बसला नाही.

"बाबा, बुधवारी टेंपो येतोय."

"बरं."

"त्याच दिवशी चावी द्यायची नव्या मालकाला."

"बरं."

तो बाकड्याचा सुटलेला रंग नखाने काढत बसला. मग म्हणाला, "ती काही म्हणत नाही. पण सगळी भांडी बांधली आणि एक ताट, एक ग्लास बाहेर ठेवलाय. शेवटपर्यंत बांधणार नाही म्हणते." उठला, पँट झटकली. "मी सांगितलं असं सांगू नका."

मी घरी गेलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी कुणाला काही विचारलं नाही, विचारायला होतं तरी कोण. बुधवारी सकाळी उठून दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि बाजारात गेलो. दुकान उघडायला उशीर झाला, मी शटरसमोर उभा राहिलो. खण घेतला, हिरवा, लाल काठाचा. नारळ घेतला, हलवून पाणी ऐकून घेतला. मूल नव्हतं, नातू नव्हता, पण मी ठरवलं होतं की घर आहे. कोणाला पटो न पटो. माझ्या बापाला पटलं नसतं. त्याच्याशी मी वर गेल्यावर बघून घेईन.

मनात असं होतं की आधी बाकड्यावर बसायचं. तिला गॅलरीतून दिसणार, ती खाली येणार, मग मी म्हणणार चल वर. दुसरं काही मला जमलं नसतं. पण दुपारची बाग बंद असते, आणि मला तेवढा उशीर झाला होता. वॉचमन फाटकाला कुलूप लावत होता.

"पाच मिनट बैठने दो."

"नहीं काका, साहब देखेगा तो मेरेको बोलेगा. चार बजे आओ."

खाली टेंपो नव्हता. दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी असते म्हणून तो पहाटेच सामान भरून निघून गेला होता. ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, गेली. तरी जिने चढलो. गुडघे माझे आहेत हे प्रत्येक पायरीला कळत होतं.

दार उघडं होतं. आत धूळ. नव्या मालकाला फार घाई असावी, त्याने चावी मिळायच्या आधीच कामाला माणसं लावली होती. स्वयंपाकघरात दोघं छिन्नी-हातोड्याने ओटा फोडत होते, कडाप्पाचे तुकडे दारापर्यंत आले होते. रिकाम्या हॉलमध्ये माझी मुलगी केर काढत होती. ज्या घरात दुसरा तोडफोड करतोय तिथे ही केर काढत होती, कारण घर दुसऱ्याला देताना झाडून द्यायचं हे आईने शिकवलं होतं. केसांवर पांढरी धूळ बसली होती. क्षणभर ती मला माझ्याएवढी म्हातारी दिसली.

"बाबा? तुम्ही वर?"

"बागेला कुलूप आहे," मी म्हणालो. एवढं ठरवून गेलो होतो आणि तोंडातून हे निघालं.

"अच्छा," ती म्हणाली. "मग बसा. खुर्ची नाही. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसा."

मी बसलो. पिशवी पायाशी ठेवली. ती परत केर काढायला लागली. आत हातोडा चालू होता. एक घाव पडून दुसरा पडायच्या मधे मी म्हणालो, "पाणी दे."

"काय?"

"पाणी दे. तुझ्या घरचं. तहान लागलीय."

झाडू तिच्या हातात तसाच राहिला. मग तो तिथेच टाकून ती आत गेली. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"भैया, नल?"

"नल निकाल दिया मॅडम. लाइन बंद है."

"थोडा तो आएगा."

"नीचे से वॉल्व बंद किया है. कुछ नहीं आएगा."

मग न्हाणीघराच्या नळाचा आवाज आला, नुसती हवा. बादली हलवल्याचा आवाज आला. फ्रिज पहाटेच गेला होता. मडकं कामवालीला दिलं होतं, हे नंतर फोनवर जावई बोलता बोलता सांगून गेला. आणि ते वेगळं ठेवलेलं ताट, तो ग्लास? टेंपोवाल्याने घाई केली तेव्हा शेवटच्या खोक्यात गेलं असणार. ती बाहेर आली तेव्हा चेहरा कसातरी झाला होता.

"दोन मिनिटं, बाबा. उठू नका. जाऊ नका हं."

ती दाराबाहेर गेली. शेजारची बेल वाजली. बाईमाणसाचा हळू आवाज, "ले ने, बेटा." मग ती आली, माझ्याकडे न बघता सरळ हॉल ओलांडून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून परत बाहेर आली. दोन्ही हातांत पाण्याने भरलेला ग्लास धरून.

"घ्या. आपल्या मडक्यातलं थोडं उरलं होतं."

ग्लास हातात घेतला तर गार, फ्रिजमधला. काठाखाली नाव कोरलेलं होतं, वर रेघ नसलेल्या अक्षरांत. मला गुजराती वाचता येत नाही, पण अशी अक्षरं कोरलेली भांडी माझ्या हाताखालून किती गेली त्याला हिशेब नाही. तिच्या लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर तिचं नवीन नाव मी आपल्या अक्षरात घालून घेतलं होतं आणि गाळ्यात थांबून पॉलिश स्वतः मारलं होतं. तो ग्लास तिचा नव्हता, आणि पाणीही तिचं नव्हतं.

ती समोर उभी होती. मी काही बोललो असतो तर तिच्या हातात काय राहिलं असतं? मी ग्लास तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली घेतला नाही. सदरा ओला झाला. ती खाली जमिनीवर बसली, धुळीतच, आणि ओढणीत तोंड घालून रडली. मग तोंड वर करून हसायला लागली, मग परत रडली. हातोडा थांबला. एक कामगार दारातून डोकावला, "क्या हुआ काका?"

"कुछ नहीं हुआ. तुम काम करो."

डोळे पुसून ती म्हणाली, "पिशवीत काय आहे?"

"बाजार."

"बघू."

"भाजी आहे गं, बघायचं काय त्यात."

मी खण दिला नाही. लेकीच्या घरचं पाणी पिऊन मग खण द्यायचा असतो. ते मी प्यालो नव्हतो. तिने एक गोष्ट सांगितली आणि मी गप्प राहिलो, एवढं मला जमतं. पण खोट्यावर खण घालायचा, ते माझ्या हातून झालं नसतं. मी पिशवीवर पाय ठेवून बसलो.

खालून जावयाने हाक मारली, रिक्षा उभी होती. बोरिवलीहून गाडी होती त्यांची. तिने माझ्या पायांना हात लावला. दाराबाहेर पडताना वळून बघेल असं वाटलं होतं, पण ती शेजारच्या दारात तो ग्लास परत द्यायला थांबली, आणि तिथून तशीच खाली गेली. मी कट्ट्यावर बसलेलाच. शेवटी कामगार म्हणाला, "अंकल, उधर भी तोडना है, जरा उठो."

नारळ मी फोडून खाल्ला, किती दिवस ठेवणार. खण ट्रंकेत आहे.

रविवारी अजून बागेत जातो. वर गॅलरीला आता काच लावलीय, आतलं दिसत नाही. चहावाला विचारतो, मी कधी घेतो, कधी नाही. फोन तेव्हाच येतो तिचा, तिला माझी वेळ माहीत आहे. तिकडच्या शेजारणींना तिने सांगितलंय की माझे वडील माझ्या घरी पाणी प्याले, आमच्यात ही मोठी गोष्ट असते. ते मला सांगताना तिचा आवाज लहानपणासारखा होतो. म्हणते, "आता काय हरकत आहे, बाबा? एकदा प्यालात की सुटलं ना? या की राहायला."

मी येतो म्हणतो. गुडघ्यांचं कारण सांगतो, ते खोटं नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. मी गेलो तर ती पाणी देईल ते तिच्या लेखी दुसरं असेल, आणि माझ्या लेखी पहिलं. मग खण द्यायला हवा. खण दिला तर ती विचारेल, आता कशाचा? ती पॉलिशवाल्याची मुलगी आहे, तो ग्लास मी ओळखला होता हे सांगायची पण गरज पडणार नाही. आणि नाही दिला तर तिचं घर माझ्याकडून तसंच राहिलं. पिशवी भरतो आणि परत रिकामी करतो. मंडळी असती तर एका वाक्यात निकाल लावला असता.

मागच्या रविवारी म्हणाली, "कुठे आहात?"

"बागेत."

"अजून? आता समोर कोण आहे तिथे?"

"कुणी नाही."

"इथे पण समोर बाग आहे, बाबा. मोठी आहे. पण आलात की तिथे बसायचं नाही हं. सरळ वर यायचं."

"हो गं बाय," मी म्हणालो. "सरळ वर येईन."